हॉर्न वाजला की धावायचं

बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. त्या नावामुळे आमच्या गावातल्या लोकांची पक्की समजूत होती की आम्ही दोघे भाऊ बर्फाच्या कारखान्यात कामाला आहोत. मीही ती कधी खोडून काढली नाही, कारण कारखाना म्हटलं की जरा वजन पडतं. प्रत्यक्षात ती एक अरुंद, लांबट खोली होती. दूध, लबन म्हणजे तिथलं ताक, खुबूस म्हणजे तिथली रोटी, अंडी, सिगरेट, शीतपेयांचे डबे, साबण आणि टेलिफोनची कार्डं एवढा आमचा माल. रिफा नावाच्या शहरात व्हिलांच्या वस्तीत हे दुकान होतं. मालक बहरीनी म्हातारा. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. तो महिन्यातून एकदोनदा येऊन चहा पिऊन जाई आणि दुकान आम्हीच बघायचो.

या दुकानांची एक रीत आहे. गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही. उन्हाळ्यात तिथलं ऊन असं असतं की गाडीतला एसी सोडून दोन पावलं चालणंही कुणाला नको वाटतं, आणि उन्हाळ्यात लागलेली सवय हिवाळ्यातही सुटत नाही. गाडी दुकानासमोर थांबते, हॉर्न वाजतो आणि दुकानातल्या माणसानं धावत बाहेर जायचं असतं. काच खाली येते, आतली गार हवा तोंडावर येते, ‘वाहिद लबन’, म्हणजे एक लबन, किंवा असंच काहीतरी ऐकू येतं, की परत धावत आत आणि वस्तू घेऊन पुन्हा बाहेर.

धावत, चालत नाही. हे माझ्या भावाला मी शिकवलं.

तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. दापोलीकडच्या आमच्या गावातून मी त्याला बोलावून घेतलं तेव्हा तो चोविशीचा होता आणि स्वभावानं अगदी संथ. पहिल्या आठवड्यात हॉर्न वाजला की तो आधी हातातलं काम पुरं करी, डबे नीट रचून ठेवी, मग लुंगी सारखी करत असल्यासारखा पँट वर ओढून दाराकडे निघे. तेवढ्यात गाडी पुढच्या दुकानाकडे गेलेली असे. मी तापट माणूस आहे. तेव्हा तर फारच होतो. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला नाही नाही ते बोललो आहे. एकदा म्हटलं, तुझ्यापेक्षा आपली गाभण म्हैस लवकर उठते. तो हसला. माझ्या रागावर तो नेहमी हसायचा, त्यामुळे मी आणखी चिडायचो.

मग मी त्याला पद्धत लावून दिली. खिशात छोटी वही आणि पेन. गाडीचा आवाज आला की कान टवकारायचे, हॉर्न वाजला की उठायचं, धावता धावता खिशात हात घालून पेन काढायचं, खिडकीशी पोचेपर्यंत पेन हातात पाहिजे. वाकायचं, आत बघायचं, हसायचं. महिन्याभरात तो माझ्याही पुढे गेला. त्याला हॉर्नवरून माणूस ओळखू यायला लागला. दोन लहान म्हणजे शाळेतली बाई, तिला संत्र्याचा रस. एक लांब म्हणजे पलीकडच्या व्हिलातला ड्रायव्हर, त्याला सिगरेट. तो वस्तू हातात घेऊनच धावायचा. माणसं खूश होऊन ‘यल्ला, शाबाश’ म्हणायची. एकदा तर तो असा धावला की फुटपाथच्या कडेवरून पाय घसरून पडला आणि मनगट मोडलं. सलमानियाच्या सरकारी इस्पितळात नेऊन प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी मी नको म्हणत असताना गळ्यात हात अडकवून तो पुन्हा बाहेर धावला. मला त्याचा अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण अभिमानच वाटला होता.

आमच्या गिऱ्हाइकांत दोन गोरे होते. एक अमेरिकन, विमानाच्या इंजिनांच्या कामावर आलेला, उंच, लाल तोंडाचा, मोठ्यानं हसणारा. दुसरा हॉलंडचा, जहाजदुरुस्तीच्या गोदीतला इंजिनिअर, बारीक, चष्म्याचा. हा दुसरा त्या उन्हात सायकलवरून यायचा. सगळी वस्ती त्याला वेडा समजे. तो सायकल भिंतीला टेकवून आत यायचा, म्हणून त्याच्यासाठी कधी धावावं लागलं नाही.

अमेरिकन सुरुवातीला हॉर्न वाजवायचा नाही. गाडी थांबवून उतरायचा आणि घामाघूम होऊन आत यायचा. मला वाटलं बिचाऱ्याला रीत माहीत नाही. मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की साहेब, उतरू नका, हॉर्न मारा, आम्ही येऊ. त्यावर तो म्हणाला की आमच्याकडे अनोळखी माणसाला बघून कुणी हॉर्न मारत नाही, समोरच्याच्या गाडीत काय असेल ते सांगता येत नसतं. आणि हसला. मीही हसलो. भाऊ तिथेच उभा होता, तोही हसला. पुढे अमेरिकन इथल्या रीतीला सरावला आणि आमच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात जोरात हॉर्न मारायला लागला.

त्या वाक्याकडे मी तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं, असं आता वाटतं. पण दिवसाला शंभर गिऱ्हाइकं शंभर गोष्टी बोलतात.

हे दोघे गोरे कधीमधी आमच्या छपराखाली गाठ पडले की थंड डबा फोडून बोलत उभे राहायचे. एकदा विषय बंदुकांवर गेला. अमेरिकन सांगत होता की त्याला दहाव्या वर्षी वडिलांनी पहिली बंदूक दिली. घरी त्याच्याकडे सहा आहेत, बायकोचं पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात असतं. त्याला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं. आपण घरात कोयते, विळ्या किती आहेत ते सांगावं तसं तो सांगत होता. बहरीनला आल्यावर पहिले दोन महिने कपडे न घातल्यासारखं वाटत होतं, म्हणाला. आणि मग जरा थांबून, आपणहून म्हणाला की पण इथे मला जशी झोप लागते तशी तिकडे कधी लागली नाही.

हॉलंडच्या माणसानं ते लगेच पकडलं. तो म्हणाला की आमच्याकडेही चोर आहेत, दारुडे आहेत, शनिवारी संध्याकाळी फुटबॉलवरून डोकी फुटतात. माणसं तुमच्याइतकीच रागावतात आणि तुमच्याइतकीच घाबरतात. पण मारामारी संपली की दोघेही आपापल्या घरी जातात, नाकातून रक्त गळत का होईना. तुमच्याकडे एक जण घरी जातो.

अमेरिकनाला राग आला नाही. त्यानं खांदे उडवले. त्याचं म्हणणं, तुमचा देश एवढासा, पोलीस हाकेवर. आमच्याकडे पोलीस येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, मग माणसानं काय करावं? शिवाय समोरच्याकडे बंदूक आहे हे ठाऊक असताना आपली कोण खाली ठेवील? त्यावर सायकलवाल्यानं डबा संपवला आणि सायकल काढली. मला वाटतं, त्या प्रश्नाला उत्तर नाहीच. एवढं सगळं होऊन गेल्यावरही मला ते सापडलेलं नाही.

मी आणि भाऊ ऐकत होतो. आमच्या दोघांच्या डोक्यातली बंदूक म्हणजे गावातल्या एका घराच्या भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक. अख्ख्या गावात एक. रानडुकरं भातात शिरली की ती खाली निघायची आणि निवडणूक आली की लायसन्सवाला ती पोलीस ठाण्यात जमा करून यायचा. लहानपणी ती उडाली की भाऊ आईच्या पदरात तोंड लपवायचा. मोठा झाल्यावरही बकरी ईदला कुर्बानीच्या वेळी काहीतरी काम काढून तो घरामागे जायचा. रिफामध्ये तर आम्हाला दारूगोळ्याचा आवाज फक्त रमजानमध्ये ऐकू यायचा, रोजा सोडायची तोफ, बस्स. आणि ती ऐकून पाणी प्यायचं असतं.

मध्यंतरी भावानं गावी जाऊन लग्न केलं होतं. त्याच्या बायकोचा मोठा भाऊ अमेरिकेत होता. पेट्रोल पंपाला लागून त्याचं दुकान होतं, दक्षिणेकडच्या एका राज्यात. त्या गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. लग्नाच्याही आधी त्यानं बहिणीसाठी कागद भरून ठेवले होते. आम्ही सगळे ते विसरून गेलो होतो. एवढ्या वर्षांनी ते कागद निघाले आणि बहीण, तिचा नवरा म्हणजे माझा भाऊ, त्यांची तान्ही मुलगी अशा तिघांना बोलावणं आलं.

भावाची जायची इच्छा नव्हती, हे मला सरळ लिहायला हवं. तो म्हणाला, इथं आपण दोघं आहोत, चाललंय ते बरं चाललंय. मी त्याला जायला लावलं. त्या दोनतीन वर्षांत सरकारविरोधी आंदोलनामुळे बहरीनमध्ये वातावरण बिघडलेलं होतं. काही गावांच्या बाजूनं टायर जळल्याचा काळा धूर दिसायचा, हेलिकॉप्टर फिरायचं, काही रस्त्यांनी जाऊ नका असं अरबाब सांगून जायचा. आमच्या दुकानाला कधी कुणी बोट लावलं नाही. पण गावी आईच्या कानावर काय काय गेलं आणि तिनं फोनवर धोशा लावला की निदान धाकट्याला तरी त्या आगीतून काढ. मलाही तेच वाटत होतं. इथे आपण व्हिसावर, एक कागद फिरला की खलास. तिथे तो कायमचा राहील, मुलगी शिकेल, बायको जवळ असेल. मी आठवडाभर त्याच्या डोक्यावर बसलो. शेवटी तो म्हणाला, “तू सांगतोस तर जातो.” आयुष्यात त्यानं माझं कधी मोडलं नाही, तेव्हाही मोडलं नाही.

जाण्याआधी मी अमेरिकन गिऱ्हाइकाला विचारलं की माझा भाऊ तुमच्याकडे दुकानात काम करणार आहे, काही सांगायचं असेल तर सांगा. त्यानं खरोखर मनापासून विचार केला. मग म्हणाला की पोचल्याबरोबर पहिली गोष्ट म्हणजे त्याला एक पिस्तूल घ्यायला सांग, गल्ल्याखाली ठेवायला. तो चांगला माणूस होता. थंडीत स्वेटर घेऊन जा असं सांगावं, त्या मायेनं त्यानं ते सांगितलं. मी भावाला सांगितल्यावर तो पोट धरून हसला. म्हणाला, माझ्या हातात बंदूक दिली तर पहिला मीच पळून जाईन.

विमानतळावर मी त्याला सोडायला गेलो. त्याच्या हातातल्या पिशवीत आईसाठी खजूर आणि मुलीसाठी दुधाची पावडर होती. तो गावी जाऊन बायकोमुलीला घेऊन पुढे जाणार होता. मोठा भाऊ म्हणून काहीतरी सांगायला हवं असं मला वाटलं. लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात. मी दुकानदार. मी त्याला म्हटलं, “तिथंही असाच चटपटीत राहा. गिऱ्हाइकाला कधी थांबवून ठेवू नकोस.”

तो म्हणाला, “नाय ठेवणार, भाई.”

त्याची पत्रं यायची. पहिल्या पत्रात त्यानं दुकानाचं वर्णन केलं होतं. पुढे पेट्रोलचे पंप, मागे दुकान, आणि दुकानात गल्ल्याभोवती जाड काच. काचेला खाली एक फट, त्यातून पैसे आत आणि सुटे बाहेर. ती काच गोळी अडवते असं मेहुण्यानं त्याला पहिल्याच दिवशी बोटांनी ठोकून दाखवलं होतं. भावानं लिहिलं होतं की दिवसभर काचेच्या पेटीतल्या माशासारखा बसून असतो. गल्ल्याखाली मेहुण्याचं पिस्तूल होतं. त्याला हात लागू नये म्हणून तो त्या बाजूला टिश्यू पेपरचे खोके रचून ठेवायचा. मेहुणा त्यावरून त्याला बोलला, पण खोके त्यानं हलवले नाहीत.

पुढच्या एका पत्रात त्यानं लिहिलं, “इथं कुणी हॉर्नच वाजवत नाय, भाई. कान नुसते सुने झालेत. लोक आत येतात, बोलत नाहीत, काचेतून पैसे सरकवतात नि जातात. कधी वाटतं एकदा तरी कुणी हॉर्न मारावा नि मी पळत जावं.”

मी ते पत्र दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्याच्या जागी आलेल्या केरळी कामगाराला हिंदीत अर्थ सांगितला आणि म्हटलं, बघ, धावायची कशी चटक लागते ते. त्याला उपदेश करायला मला ते पत्र उपयोगी पडलं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी दुकानातला फोन वाजला. पलीकडे भावाचा मेहुणा होता. त्यानं आधी मीच बोलतोय ना याची खात्री करून घेतली. मग त्यानं सांगितलं. मी रिसीव्हर ठेवला आणि पावांचं रॅक पुसायला घेतलं. पुरं पुसलं. मग खालचं पुसलं. केरळ्यानं येऊन माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं तेव्हा मी खाली बसलो.

काय झालं ते पुढच्या काही आठवड्यांत तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. त्यात कोडं असं काही नव्हतं. दुपारची वेळ होती, लख्ख ऊन. दुकानासमोर एक जुनी मोटार येऊन थांबली. आत सत्तरीचा एक म्हातारा, एकटा. थांबता थांबता गाडीपुढे एक कुत्रं आडवं आलं म्हणून त्यानं हॉर्न वाजवला. दोनदा, लहान.

माझा भाऊ काचेच्या पेटीतून बाहेर आला. मेहुणा आतल्या खोलीत होता. त्यानं फक्त त्याला जाताना पाहिलं, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो हसत होता. दार ढकलून तो धावत सुटला. धावता धावता त्यानं खिशात हात घातला. पेन काढायला. खिडकीशी पोचला, वाकला, आत बघितलं.

म्हाताऱ्यानं पिस्तूल पुढच्या कप्प्यात ठेवलेलं असायचं. त्यानं काच खाली केली नाही, तशीच काचेतून गोळी घातली. एकच. पोलिसांनी भावाची मूठ उघडली तेव्हा त्यात निळं पेन होतं.

दफन तिथेच झालं. मशीद तासाभराच्या अंतरावर होती. मला व्हिसा मिळण्याची शक्यताच नव्हती आणि आईचा तर पासपोर्टच नव्हता. आईला मी फोनवर सांगितलं. तिला अमेरिका, बहरीन हे सगळं एकच होतं, समुद्रापलीकडचं. ती एवढंच म्हणाली, “त्यानं कुणाचं काय वायट केलंन?” हा प्रश्न ती नंतर मरेपर्यंत विचारत राहिली, मला, शेजाऱ्यांना, औषध द्यायला येणाऱ्या नर्सला. उत्तर सोपं होतं. तो कुणाच्या तरी हाकेला धावत गेला. पण हे मी तिला सांगू शकलो नाही, कारण मग धावायला कुणी शिकवलं तेही सांगावं लागलं असतं.

म्हाताऱ्याला शिक्षा होईल असं मला वाटलं होतं. निदान खटला चालेल, कुणीतरी उभं राहून विचारील. तसं झालं नाही. त्यानं पोलिसांपुढे रडून सांगितलं की एक माणूस खिशात हात घालून माझ्या अंगावर धावत आला आणि मी घाबरलो. त्याला दोनदा पूर्वी लुटलं होतं म्हणे. ते खरंही असेल. तो घाबरला होता हे सगळ्यांना पटलं आणि तेवढं पुरेसं झालं. तिथे घाबरणं हे कारण म्हणून चालतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या लांबून मी त्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या, मराठीत, हिंदीत, अरबीत. त्यानं भागलं नाही. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या जागी स्वतःला बसवून बघतोय. सत्तर वर्षांचा, एकटा, दोनदा लुटलेला, आणि हाताशी पिस्तूल. मीही घाबरलो असतो. त्या दिवसापासून मला शिव्याही देता येईनाशा झाल्या.

अमेरिकनाला मी स्वतः सांगितलं नाही. केरळ्यानं सांगितलं. तो गाडीतून उतरून आत आला, बऱ्याच दिवसांनी उतरून आला. टोपी काढून उभा राहिला. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. त्यानं सगळं विचारून घेतलं, कुठे, कसं, किती वाजता. मी सांगत गेलो. शेवटी त्यानं हळू आवाजात विचारलं, “पण तो धावला कशाला?”

यात टोमणा नव्हता. त्याला ते खरंच कळत नव्हतं. गेली चार वर्षं हा माणूस माझ्या दुकानासमोर हॉर्न मारत होता आणि अमेरिकेला जाईपर्यंत माझा भाऊच त्याच्याकडे धावत होता. त्याच गाडीकडे, तसाच खिशात हात घालून. शेकडो वेळा. त्यानं कधी दचकून बघितलं नव्हतं. इथे तो घाबरलेला नव्हता, म्हणून माझा भाऊ त्याला दिसायचा. मी हे सगळं मनात म्हटलं. त्याला त्याचं दूध दिलं.

हॉलंडचा सायकलवाला आला तो आठवड्यानं. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला की आमच्याकडे असतं तर त्या म्हाताऱ्यानं काच बंदच ठेवली असती, फार तर शिवी घातली असती आणि निघून गेला असता. घाबरला तो तसाही असताच. मला माहीत होतं. त्यानं न सांगताही ते मला कळत होतं, गेले कित्येक दिवस मी दुसरं काही करतच नव्हतो. एका म्हाताऱ्याला गाडी सुरू करून निघून जायला लावत होतो. सायकलवाल्याचं बरोबर होतं, पण त्याचा मला फार राग आला. बरोबर असण्याचा मला आता काय उपयोग होता? मी हात सोडवून घेतला आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. नंतर त्याचं काम संपून तो गेला. अमेरिकनही गेला. जाताना दुकानासमोर थांबून त्यानं लांबलचक हॉर्न वाजवला आणि मी बाहेर येण्याआधीच हात हलवून निघाला.

भावजय तिथेच राहिली. परत येऊन काय करणार, असं तिचा भाऊ म्हणाला, आणि मुलीला तिथे शिकवायचं होतं. तिनं त्याच दुकानात काम धरलं. काचेच्या त्याच पेटीत ती बसायला लागली. गाडी चालवायला शिकली. मी महिन्यातून एकदा दुपारचं दुकान बंद असताना कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनमध्ये कार्ड घालून फोन करायचो. पुतणी फोनवर यायची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तिला बापाचा चेहरा फोटोतलाच माहीत होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा एक फोन. भावजय इकडचंतिकडचं बोलली, आईची तब्येत विचारली. मग म्हणाली की भाई, एक सांगायचंय, रागावू नका. तिनं पिस्तूल घेतलं होतं. तिच्या भावानं मोकळ्या मैदानावर नेऊन चालवायलाही शिकवलं होतं. गाडीत पुढच्या कप्प्यात ठेवते, म्हणाली.

मी विचारलं, तुला, तुला ते हातात धरवतं?

“इथं लागतंच, भाई. एकटी बाई, मुलगी बरोबर. सगळ्याजणी ठेवतात.”

तिचं चूक नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. ज्याच्याकडे नाही तोच मरतो, असं तिनं स्वतःच्या घरात पाहिलं होतं. तिला आणखी कुणी समजवायची गरज नव्हती. कार्डावरचे युनिट संपत आल्याची पीप पीप सुरू झाली. मी तरीही विचारलं. “बाय, तू गाडीत बसलेली असताना कुणी खिशात हात घालून धावत आला तर?”

मला तिच्या मागे मुलीचा टीव्ही ऐकू येत होता. माझा प्रश्न कुणाबद्दल आहे ते तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला.

“मी घाबरेन, भाई,” ती म्हणाली. मग कार्ड संपलं.

मी दुकान उघडलं. उघडताच समोर एक गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजला. दोन लहान. केरळी कामगार मागे गोणी उतरवत होता, म्हणून मीच बाहेर गेलो. चालत गेलो. दोन्ही हात खिशापासून लांब, बोटं पसरून, समोरच्याला दिसतील असे. काच खाली आली. आत शाळेतली बाई होती, बऱ्याच वर्षांनी आलेली, आता केस पांढरे झालेली. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे, आणि विचारलं की तो धावणारा कुठे असतो हल्ली, दिसत नाही तो.

मी म्हटलं, मफी. म्हणजे नाही. ती हसून म्हणाली की इंशाल्ला येईल परत, आणि संत्र्याचा रस मागितला. तो आणायला मी आत गेलो.